खिशातला ओळंबा

गहिनीनाथ कामावरून आला, मागच्या खोलीत भिंतीला पाठ टेकून बसला, आणि भिंतीनं त्याच्या मानेत मूठभर वाळू ओतली. आवाज फारसा झालाच नाही. मांजरानं अंग झाडावं तेवढाच. एक पोपडा चहाच्या कपात पडला, क्षणभर तरंगला आणि तळाला गेला. पुढच्या खोलीत चुलीपाशी बसलेल्या त्याच्या बायकोनं, चांगुणानं, ते दारातून बघितलं आणि न बघितल्यासारखं करून भाकरी उलटली. तो वळला. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत भिंतीला पांढरी लव फुटली होती. आजारी माणसाची दाढी वाढावी तशी, कुणाला न विचारता. लोणा, भिंतीतून फुटणारा खार. त्यानं अंगठा टेकवून बघितला तर अंगठा आत गेला. परमिटसाठी महिनाभर हेलपाटे घालून आणलेलं सिमेंट, नदीची चाळून घेतलेली वाळू, वर दोन हात चुना, आणि त्यात आता अंगठा जातो. चिखलात जावा तसा. त्याला राग आला, पण रागाच्या आधी दुसरंच काहीतरी आलं, लहानपणी पायाखालची सवय झालेली वाट एकदम मऊ लागावी तसं. तो अंगठा तसाच आत ठेवून बसून राहिला. "चहा दुसरा टाकू का?" चांगुणानं विचारलं. "भित्ताड पडायला लागलंय आन् तुला चहाचं पडलंय," तो म्हणाला. ती म्हणाली, "मंग नगं तर नगं."

नगरात तोफखान्याच्या मागच्या बाजूला त्याच्या या दोन खोल्या. पुढची राहायची, मागची आता लेकीसाठी ठेवलेली. गेल्या उन्हाळ्यात राहीचं लग्न झालं, त्याच्या आधी मागच्या खोलीला गिलावा केला. आता संक्रांत झाली की राही पहिल्या बाळंतपणाला येणार. लोकांना भिंत म्हणजे भिंत. ज्याचा जन्म भिंतीच्या आत झाला त्याला ती दिसतसुद्धा नाही. गहिनीनाथ जन्मला कोपीत. पाथर्डीकडून ऊस तोडायला गेलेल्या आईबापांची, कोपरगावच्या बाजूच्या फडावरची, चार बांबू आणि वर उसाचं पाचट अशी ती कोपी. वारा आला की ती श्वास घ्यायची. कुत्रं आत यायचं तर दार कुठलं हे त्याला शोधावं लागायचं नाही. त्याच्या आजोळी, त्याच्या घरात, कुणाचंही पोर गिलावा केलेल्या भिंतीच्या आत जन्मलं नव्हतं. राहीसुद्धा कुडाच्या घरात झाली. राहीचं पोर पहिलं. हे त्यानं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण बोलला असता तर लोक हसले असते आणि मग त्यानं कुणाच्या तरी कानाखाली वाजवली असती. पण गिलावा ओला असताना तो रोज संध्याकाळी त्या खोलीत जाऊन उभा राहायचा. ओल्या सिमेंटचा वास घ्यायचा. गोठ्यातल्या नवीन वासराला बघायला जावं तसा.

तो एस.टी.च्या वर्कशॉपात पत्रे ठोकायचा. बस कुठंतरी बाभळीला घासून यायची, तिच्या अंगावरचा पोचा तो आतून हातोडीनं बाहेर काढायचा. तिथला कायदा सरळ होता. काम बिघडवलं की पगारातून कापायचं. साहेबाच्या चुकीला कपात नाही, हातोडीवाल्याच्या चुकीला आहे, हेही सरळच. त्याचाही पगार कापला होता. कापून घेताना त्यानं तोंड उघडलं नव्हतं. मग आपल्या भिंतीला तोच कायदा का नाही? रात्रभर त्यानं या एका वाक्यावर हातोडी चालवली आणि सकाळी उठून माळीवाड्याच्या वेशीकडे निघाला. तिथं गवंडी आणि बिगारी कामाची वाट बघत बसायचे. नूरमहंमद मिस्त्री त्यांच्यात होता. चांगुणाच्या माहेरच्या गावचा. गावचा म्हणून तिचा भाऊ. ती त्याला दिवाळीला ओवाळायची, तो ताटात सुपारी टाकायचा, आणि गहिनीनाथाला भर बाजारात 'दाजी' म्हणून हाक मारायचा. ही हाक गहिनीनाथाला कधी आवडायची, कधी नाही. आज नको होती.

"या दाजी!" नूरमहंमद लांबूनच ओरडला. "चहा सांगू?"

"चहात काल तुझी भिंत पडली."

बसलेले सगळे हसले. एकजण म्हणाला, "बघ मिस्त्री, साखर कमी पडली आसंल." नूरमहंमदही हसायला लागला होता, पण गहिनीनाथाचं तोंड बघून थांबला. गहिनीनाथानं मग जे काय होतं ते सगळं वेशीत ओतलं. दाजी म्हणून गळ्यात पडायचं आणि मालात माती कालवायची. बहीण म्हणून ओवाळून घ्यायचं आणि बहिणीच्याच लेकीला पोपड्याखाली निजवायचं. "सारा गिलावा खरवडायचा. माल तुझा, मजुरी तुझी. माझा खाडा पडंल त्याची भरपाईबी तूच द्यायची. मी सोडायचो न्हाई." त्याचा आवाज चिरकला. रस्त्यानं चाललेली दूधवाली बाई कळशी सावरून थांबली.

त्याला वाटलं होतं नूरमहंमद भांडेल. गवंडी भांडतात. सिमेंटच खराब होतं म्हणतात, वाळू खारी होती म्हणतात, तुमच्या घराला ओल आहे म्हणतात. नूरमहंमदाचं तोंड तर वेशीत सगळ्यात लांब. मजुरीवरून त्यानं मोठमोठ्या बंगलेवाल्यांच्या वकिलांना घाम फोडलेला. त्या भांडणाची तयारी गहिनीनाथानं रात्रभर केली होती. पण नूरमहंमदानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली आणि म्हणाला, "बरं. माझं काम, माझी चूक. करून दितो."

"कधी?"

"हे बारवेजवळचं उरकलं की."

"तवर पोरगी यील."

"मंग काय करू दाजी? आत्ता हितं जीव दिऊ का?"

"हमी दे."

हे गहिनीनाथाच्या तोंडून कसं गेलं ते त्यालाही कळलं नाही. हमी हा शब्द त्याचा नव्हता. वर्कशॉपच्या ऑफिसातला होता. नूरमहंमदानं पिशवी पुढं ओढली. तीत हात घालून ओळंबा काढला. पितळी, जड, गाजरासारखा टोकाकडे निमुळता, दोरी गुंडाळलेला. "बापाचा हाय," तो म्हणाला. "हा ठिवा. काम झालं की द्या." मघाचा साखरवाला दुसरीकडे बघायला लागला. गहिनीनाथानं हात पुढं केला, ओळंबा घेतला, खिशात घातला आणि चालू लागला. पाठीमागं कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

ओळंबा चालताना मांडीवर आपटत होता. प्रत्येक पावलाला एक. जिंकलो की आपण, असं तो स्वतःला सांगत होता आणि मांडी दुखत होती. का भांडला नाही हा? चुकी असलेला माणूस आधी भांडतो, मग कबूल होतो. हा सरळ कबूल. वर्कशॉपात पोचा काढताना त्याचा हात दोनदा चुकला. पत्र्यावर हातोडी पडली की खिशात पितळ हलायचं आणि त्या आवाजाबरोबर डोक्यात भलतंच काहीतरी उघडायचं. फडावरची पहाट. तो पाच-सहा वर्षांचा. आई कोपीत कण्हत होती आणि बाप गाडीबरोबर कारखान्यावर गेलेला. शेजारच्या कोपीतली म्हातारी आत गेली, थोड्या वेळानं रडण्याचा बारीक आवाज आला, बहीण झाली. म्हातारी म्हणाली, पोरा, पाणी आण. पाणी शंभर पावलांवर होतं. कालव्याचा पाट भरून वाहत होता, उसाला, दिवसरात्र. त्यानं हंडा बुडवला. पाट राखणाऱ्या पाटकऱ्यानं वरून काठी लावली. उसाचं पाणी माणसाला चालत नाही, हे त्या दिवशी त्याला कळलं. साखर खाणाऱ्या कुणाला हे कधी कळलं नसेल, आणि कळूनही त्यांनी चहा सोडला नसता. पाटकरी म्हणाला, चोरी केलीस, भरपाई दे. पोराकडं कुठली भरपाई? त्यानं हंडा ठेवून घेतला. तांब्याचा, आईच्या लग्नातला. खांद्यावर टाकून तो बांधाबांधानं निघून गेला, आणि उन्हात हंडा चमकत राहिला, लांब जाईपर्यंत. पुढं ती बहीण जगली नाही. हंड्यामुळं असं नाही. नुसतीच जगली नाही. आई मात्र मरेपर्यंत बहिणीचं आणि हंड्याचं एकाच दमात बोलायची.

कामावरून परतताना तो मुद्दाम बारवेजवळच्या वाटेनं आला. का, ते त्यानं स्वतःला विचारलं नाही. तिथं नवं बांधकाम चाललं होतं. परांचीवर दुसराच कुणी मिस्त्री होता. पोरसवदा, ओठात पेन्सिल धरलेला. नूरमहंमद विटा वाहत होता. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत विटा. ओळंबा नसलेल्या गवंड्याला भिंतीवर कोण उभा करील? तो पन्नाशीचा माणूस बिगाऱ्याच्या रांगेत शिडी चढत होता आणि वर पोचला की त्या पोराला म्हणत होता, "घ्या मिस्त्री." थट्टेनं म्हणत होता. पोरगं लाजत होतं. गहिनीनाथ लिंबाआड उभा राहिला. त्याला हाक मारावीशी वाटली आणि हाकेला शब्द सापडेना. नूरमहंमदानं घाम पुसायला टोपी काढली, तेव्हा तो तिथून पळाल्यासारखा निघाला.

घरी चांगुणा नव्हती. नळावर गेली होती. दिवस अजून मावळायचा होता, मागच्या खोलीत खिडकीतून पिवळं ऊन आडवं पडलं होतं. त्या उन्हात भिंत वाईट दिसत नव्हती. लोणा नुसता चकाकत होता. त्यानं खुंटीला ओळंब्याची दोरी अडकवली आणि ओळंबा सोडला. तो हलला, डोलला, स्थिर झाला. दोरी वरून खालपर्यंत भिंतीच्या अंगाला एकसारखी राहिली. केसाचाही फरक नाही. गहिनीनाथाची नजर पत्र्यावर पोसलेली होती, वाकडं त्याला अंधारात कळायचं. त्यानं कोपरा बघितला. कोपरा सुरीनं कापल्यासारखा. खिडकीच्या कडेला तर मिस्त्रीनं कुणी न सांगता गोलाई काढली होती, पोरांची डोकी आपटू नयेत म्हणून. इतकं मन लावून केलेलं काम. असा माणूस माल खाईल? मग सडलं कशानं? बोटाला लागलेली पांढरी पूड त्यानं जिभेवर ठेवली. खारट. नुसतं खारट नाही, ओळखीचं खारट. मागच्या बोळातल्या आडाचं पाणी. दुष्काळात म्हशीसुद्धा ज्याला तोंड लावून मान फिरवायच्या.

पण गिलाव्याला आडाचं पाणी नव्हतंच. गेल्या वर्षी नळ कोरडे पडले तेव्हा त्यानं ड्रायव्हरांच्या हातापाया पडून लांबच्या मळ्यातून दोन पिंपं गोडं पाणी आणवलं होतं. भिंतीसाठी. चांगुणाला बजावून ठेवलं होतं, याला कुणी हात लावायचा नाही. आणखी एक बजावलं होतं. त्या वर्षी पाथर्डीकडची माणसं नगराच्या कडेकडेनं खडी फोडायला आली होती, त्याचे आणि तिचे दोघांचेही नातेवाईक त्यात होते. तो म्हणाला होता, दारात कुणाला घ्यायचं नाही. एकाला तांब्याभर दिलं की अख्खा तालुका उंबऱ्यावर बसंल. बोलताना त्याला स्वतःचाच आवाज थोडा पाटकऱ्यासारखा वाटला होता का? तेव्हा वाटला नव्हता.

चांगुणा हंडा घेऊन आत आली आणि खुंटीवरचं पितळ बघून उंबऱ्यातच थांबली.

"ह्ये हितं कसं?"

"गहाण."

"कुणी ठिवलं?"

"तुझ्या भावानं. भरपाईपोटी."

तिनं हंडा खाली ठेवला नाही. डोक्यावर तसाच ठेवून म्हणाली, "उद्या सकाळी दिऊन या."

"का म्हणून?"

"त्यानं काय केलं न्हाई. पाणी आडाचं हाय त्यात. मी सांगितलं घालाय."

खोलीत ऊन तसंच होतं. तीच बोलत राहिली, चूल पेटवताना बोलावं तसं, मधेमधे थांबून. "आसाराम आला हुता. माझा भाऊ. तुमी कामावर हुता. त्याची साळू खडीवर बाळंत झाली हुती. गोणपाटाच्या आडोशाला. टँकर आला न्हवता. त्यानं उंबऱ्याच्या बाहीरच हंडा ठिवला, आत न्हाई आला. म्हणला, आक्का, दाजींनी सांगितलेलं हाय, मी आत येत न्हाई, पर बाळंतिणीला आंगुळीला तरी."

"मंग? हंडाभर दिलं?"

"दोनी पिंपं दिली."

"दोन्ही!"

"तितं काय साळू एकलीच हुती व्हय?" ती पहिल्यांदाच तडकली. "बाया हुत्या, पोरं हुती. माझ्या म्हायेरची हुती तशी तुमच्याबी गावची हुती."

"आन् मिस्त्री?"

"त्यो बोलला की. म्हणला, आक्का, ह्ये पाणी भित्ताड खाईल. म्हणलं, खाऊ दे. म्हणला, दाजी मला खात्याल. म्हणलं, तुला खाऊन त्यांचं प्वाट भरत आसंल तर भरू दे." तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. हंडा डोक्यावर असल्यामुळं तिला पुसता येईनात. "म्हणला, मी सांगनार न्हाई. तू सांग, न्हाईतर नगं सांगू. मी रोज सांगीन म्हणायची. तुमी रोज भित्ताडापाशी जाऊन हुबं ऱ्हायचे. कसं सांगू?"

गहिनीनाथ पुढं झाला आणि तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवला. लग्नाला एवढी वर्षं झाली, कधी उतरवला नव्हता. हंड्याचा गार काठ छातीला लागला. तो तसाच हंडा कवटाळून उभा राहिला, कुठं ठेवायचा ते न सुचून. "काय झालं हुतं?" त्यानं विचारलं.

"कुनाला?"

"साळूला."

"पोरगी. बनू." चांगुणानं पदरानं तोंड पुसलं. "जगली. रांगती आता."

सकाळी तो वेशीत गेला तेव्हा सगळे होतेच. साखरवालाही. नूरमहंमद कडेला बसून बिडी ओढत होता, पिशवी नव्हती जवळ, चुंबळ होती. गहिनीनाथाला वाटेत बरंच काही सुचलं होतं, पण त्यातलं काहीही बोललं असतं तर चांगुणाचं नाव वेशीत आलं असतं. आणि माफी मागायची त्याच्या घराण्यात कुणाला सवय नव्हती. माफी मागायला आधी कुणावर तरी हात चालावा लागतो, आणि त्यांचा कधी कुणावर चालला नव्हता. त्यानं खिशातून ओळंबा काढला, सगळ्यांना दिसेल असा धरला, आणि मोठ्यानं म्हणाला, "मिस्त्री, ह्यो माझ्या घरी इसरून आलासा."

नूरमहंमदानं बिडी विझवली. ओळंब्याकडे बघितलं, मग गहिनीनाथाकडे, आणि त्याच्या तोंडावर काय दिसलं कुणास ठाऊक, त्याचा सगळा चेहरा सैल झाला. "व्हय की," तो म्हणाला. "इसरलोच. म्हातारा झालो दाजी." त्यानं ओळंबा घेतला, दोरी उलगडून परत नीट गुंडाळली, गरज नसताना. मग हळूच विचारलं, "आक्का बोलली?"

"बोलली."

"मारली का तिला?"

"न्हाई."

"मंग चहा पाजा आता." तो उठला. "साखर जास्त सांगा. हे लोक कमी साखरंवरून लई बोलत्यात." साखरवाल्यानं मान खाली घातली आणि सगळे हसले.

भोगीच्या दिवशी नूरमहंमद करणी आणि छिन्नी घेऊन आला. गहिनीनाथानं रजा टाकली. एकानं वरून पोपडे पाडायचे, दुसऱ्यानं पाटीत भरून बाहेर टाकायचे. परांचीवर नूरमहंमद आणि बिगारी गहिनीनाथ. मालकाला बिगारी बघून शेजारच्या बाया तोंडाला पदर लावत होत्या. गिलावा जसजसा निघत गेला तसतसे आतले दगड बाहेर आले, काळे, ओबडधोबड, मधल्या सांधीत माती धरलेले. नवा गिलावा आता लागलीच करता येणार नव्हता. दगडांनी आत ओढलेला लोणा आधी सुकून बाहेर यायला हवा, त्याला उन्हाळा पाहिजे. राहीचं पोर उघड्या दगडांतच जन्मणार. गहिनीनाथ पाटी भरता भरता हे मनात तोलत होता, आणि तितकं ते जड लागत नव्हतं. दगड तरी होते. पांढऱ्या मातीचा एक हात फिरवू, नूरमहंमद म्हणाला, दिसायला बरं. "आन् भरपाई?" त्यानं डोळा मारून विचारलं. "कुनी कुनाला द्यायची?" "गप काम कर," गहिनीनाथ म्हणाला.

दुपारी दारात आवाज झाला. चांगुणानं निरोप धाडला होता. साळू उंबऱ्याच्या बाहेर उभी होती, डोईवर गाठोडं, कडेवर पोरगी. हातापायांना खडीचे वळ अजून होते. राहीच्या बाळंतपणाला हाताशी म्हणून आली होती, पण पाय आत टाकेना. तिची नजर गहिनीनाथाकडे होती. त्यानं हातातली पाटी खाली ठेवली. तो म्हणाला, "उनात कशाला हुबी? पोरगी तापंल." साळूनं उंबरा ओलांडला आणि बनूला खाली सोडलं.

बनू रांगत थेट मागच्या खोलीत गेली. पोरांना जिकडं धूळ आहे तिकडंच जायचं असतं. भिंतीचा खालचा पट्टा अजून खरवडायचा राहिला होता. लोणा तिथं सगळ्यात दाट, तिच्या डोक्याइतक्या उंचीवर. ती भिंतीला दोन्ही पंजे लावून उभी राहिली, डगमगली, पुन्हा उभी राहिली. मग तिनं तोंड पुढं करून भिंत चाटली. तोंड वाकडं केलं. अंगावर काटा आल्यासारखी हलली. आणि पुन्हा चाटली.

"अगं बया, माती खाती!" साळू धावली. नूरमहंमद छिन्नी धरून थांबला होता, त्याला हसावं की नाही कळत नव्हतं. चांगुणा दारात होती. गहिनीनाथ साळूच्या आधी पोचला. त्यानं बनूला उचलून मांडीवर घेतलं, बोटानं तिच्या जिभेवरचं, ओठावरचं पांढरं पुसून काढलं. तिनं त्याचं बोट धरलं आणि तेही चाटून बघितलं. तेही खारटच होतं.

"चांगुणा," तो म्हणाला, "माठातलं गोडं पाणी दे वाटीत."

तिनं वाटी आणून दिली. त्यानं ती बनूच्या ओठाला लावली आणि ती पिईपर्यंत वाटी स्वतःच धरून बसला.